लॅबमधलं मशीन किती वेळ आपलं?

सांगलीत पुराचा विषय निघाला की कोयना आणि अलमट्टी या दोन धरणांची नावं येणारच. पूर नक्की कुठल्या धरणामुळे येतो, याचं कट्ट्यावर प्रत्येकाचं उत्तर पक्कं असतं. आमच्या कॉलेजातल्या सिव्हिलच्या मॅडमना मात्र ते गणिताने काढायचं होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी तिथे 45 फूट. कोयनेतून विसर्ग इतका, अलमट्टीत पाणी तितकं, नदीपात्राचा खडबडीतपणा दाखवणारा मॅनिंगचा ‘एन’ जरा कमी-जास्त, असं एकेक बदलत पुराचं मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचं आणि पाणी गावात कुठवर शिरतं ते बघायचं. एक रन साधारण तासाभराचा आणि असे रन हवेत हजारोंनी. मोठा सर्व्हर घ्यायचा तर कोटेशनवरच गाडी अडली होती.

एका रनचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी कॉम्प्युटर विभागात शिकवतो आणि लॅबचं नेटवर्कही बघतो. तीन लॅबमधली मशीन प्रॅक्टिकल संपलं की नुसती उभी असतात. ती मोकळी असताना वापरायची आणि माणूस येऊन बसला की गुपचूप बाजूला व्हायचं, ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या मंडळींनी 1980 च्या दशकातच त्यासाठी ‘कॉन्डोर’ बनवलं. 2012 पासून त्याला एचटीकॉन्डोर म्हणतात, आणि ते फुकट मिळतं. बर्कली विद्यापीठाच्या सेटी अ‍ॅट होम या प्रकल्पाने 1999 पासून 2020 पर्यंत जगभरच्या लोकांचे घरचे कॉम्प्युटर याच तत्त्वावर कामाला लावले.

बसवायला फार त्रास झाला नाही. कीबोर्ड-माउसला 15 मिनिटं हात लागला नाही की मशीन मोकळं समजायचं, हात लागला की जॉब (मशीनला दिलेलं काम, इथे एक रन) थांबवायचा आणि थोड्या वेळाने हाकलायचा, हे त्याचं नेहमीचं धोरण आम्हीही ठेवलं. जॉब सुटले. रांगेत भराभर ‘रनिंग’ दिसायला लागलं. आणि तितक्याच भराभर ते परत रांगेत येऊन बसायला लागले. पन्नास मिनिटं चाललेला रन मेला की ती पन्नास मिनिटं पाण्यात. मॅडमनी विचारलं, “सर, एक मशीन एका वेळी सलग किती वेळ मिळेल, एवढं सांगता येईल का?”

एवढंच विचारलं त्यांनी. उत्तर शोधायला सेमिस्टर गेलं.

पहिल्यांदा सगळे सरासरी काढतात. त्यातली फसवणूक एका उदाहरणात दाखवतो. समजा, मशीन एकदा सुरू झालं की सरासरी चार तास चालू राहतं. पुस्तकातलं सोपं घातांकी वितरण (वितरण म्हणजे कुठला काळ किती वेळा येतो याचा साचा) धरलं, तर पुढचा एक तास ते टिकण्याची शक्यता 78 टक्के येते. मशीन आत्ता सुरू झालेलं असो की सकाळपासून चालू असो, आकडा तोच. घातांकी वितरणाला मागचं काही आठवत नाही. आता सरासरी चार तासच ठेवा, पण वायबुल वितरण घ्या आणि त्याचा शेप पॅरामीटर 0.5 धरा. हा आकडा एक असला तर वायबुल म्हणजे घातांकीच, आणि एकाच्या खाली असला तर वेळ जाईल तसा बंद पडण्याचा धोका घटतो. आता निम्मे सलग काळ एका तासाच्या आतच संपतात. नुकतं सुरू झालेलं मशीन पुढचा तास टिकण्याची शक्यता 49 टक्के, आणि आठ तास चालू असलेल्या मशीनची 89 टक्के. सरासरी बदललेली नाही, पण जॉब कुठे पाठवायचा याचं उत्तर पार उलटलं.

म्हणजे आधी नोंदी हव्यात. आणि नोंदी गोळा करणं हाच या कामातला खरा घाम काढणारा भाग आहे. गणित त्यामानाने फार थोडं.

सर्व्हरवरून दर काही मिनिटांनी प्रत्येक मशीनला पिंग मारायचं, म्हणजे नेटवर्कवरून नुसती हाक द्यायची, आणि उत्तर आलं की ‘चालू’ लिहायचं, ही पहिली पद्धत. त्यात दोन भानगडी. एक, लॅबच्या कोपऱ्यातला स्विच कुणाच्या पायाने बंद झाला की तीस मशीन एकदम ‘मेली’. लांबून बघणाऱ्याला मेलेलं मशीन आणि निघालेली वायर सारखीच दिसते. दोन, दोन पिंगांच्या मधे मशीन बंद होऊन परत सुरू झालं तर ते कळतच नाही आणि दोन छोटे सलग काळ जोडून एक लांबलचक काळ तयार होतो. म्हणून मग प्रत्येक मशीनवरच एक छोटी स्क्रिप्ट ठेवली. दर मिनिटाला वेळ, कीबोर्ड किती वेळ शांत आहे आणि प्रोसेसरवर किती लोड आहे, असं तिथल्या तिथे लिहून ठेवायची. शेवटची ओळ कधीची, यावरून मशीन कधी गेलं ते कळतं.

मग या फाइली उघडल्या. मशीनवर उबुंटू आणि विंडोज अशा दोन सिस्टिम आहेत, एका वेळी एकच चालते. उबुंटूच्या बाजूच्या बऱ्या होत्या, फक्त विद्यार्थ्याने मशीन रीस्टार्ट करून विंडोजमध्ये नेलं की इकडच्या हिशेबी ते मेलेलंच. विंडोजच्या बाजूने, सोय म्हणून सिस्टिमचा स्वतःचा अपटाइम (सुरू होऊन किती वेळ झाला तो आकडा) घेतला होता, तर एक मशीन दहा दिवस सलग चालू! लॅबला रोज कुलूप लागतं, तर हे कसं चालेल? विंडोज 10 मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं तर शटडाउन केल्यावर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर झोपवून ठेवला जातो, आणि अपटाइमचा काटा शून्यावर येत नाही. तो आकडा सोडून दिला आणि आपल्या मिनिटा-मिनिटाच्या ओळींवर भरवसा ठेवला. शिवाय काही जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी (लाइट नसताना घड्याळ चालू ठेवणारी) गेलेली. लाइट जाऊन आली की त्यांचं घड्याळ थेट काही वर्षं मागे, आणि सलग काळ वजा येतो. अशा मशीनना वेळ सर्व्हरकडून घ्यायला लावली. बॅटरी बाजारात चाळीस-पन्नास रुपयांना मिळते, पण खरेदीचा कागद पुढे सरकेपर्यंत दम धरणं आलं.

यात आणखी एक गोष्ट सहज निसटते. नोंदी थांबवल्या त्या क्षणी कितीतरी मशीन चालूच होती. त्यांचा सलग काळ पूर्ण किती, ते आपल्याला माहीत नाही, ‘किमान इतका’ एवढंच माहीत आहे. असे अर्धवट काळ काढून टाकायचा मोह होतो, कारण ते टेबलात बसत नाहीत. पण काढले की नेमके लांब काळच जास्त गळतात आणि मशीन आहेत त्यापेक्षा चंचल दिसायला लागतात. औषधांच्या चाचण्यांत हाच पेच येतो, अभ्यास संपतो तेव्हा बरेच रुग्ण जिवंत असतात. त्यासाठीची कापलान-मायर पद्धत 1958 ची आहे, ती आम्ही जशीच्या तशी घेतली. आर या संख्याशास्त्राच्या भाषेतलं ‘सर्व्हायव्हल’ पॅकेज हे सगळं आयतं करून देतं. लॅबच्या कॉम्प्युटरचा हिशेब रुग्णांच्या पॅकेजमध्ये करताना सुरुवातीला जरा चमत्कारिक वाटतं. ‘मृत्यू’च्या रकान्यात शटडाउन लिहायचं.

आलेख काढला. वायबुल बरोबर बसत असेल तर टिकण्याच्या शक्यतेचा दुहेरी लॉग घेऊन तो वेळेच्या लॉगसमोर मांडला की सरळ रेषा यायला हवी. आमची रेषा बऱ्यापैकी सरळ होती, पण दोन ठिकाणी तिला कुबड होतं. शेप पॅरामीटर मात्र एकाच्या बराच खाली आला, म्हणजे जितकं जास्त चाललं तितकं पुढेही टिकण्याची आशा जास्त. याचं आश्चर्य वाटलं नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरामध्ये नर्मी, ब्रेविक आणि वोल्स्की यांनी विद्यार्थ्यांच्या लॅबमधली आणि कॉन्डोरवरची मशीन तपासली होती. तिथेही घातांकी वितरण मागे पडलं आणि वायबुल किंवा अनेक घातांकी वितरणांचं मिश्रण जास्त चांगलं बसलं. लॉस अलामोसच्या महाकाय संगणकांच्या बिघाडांवर श्रोडर आणि गिब्सन यांनी 2006 मध्ये जे मांडलं, त्यातही शेप 0.7 ते 0.8 होता.

पण ‘जास्त चाललेलं मशीन जास्त टिकतं’ हे वाक्य मला खटकत राहिलं. कॉम्प्युटर चालून चालून मजबूत थोडाच होतो? सांगली स्टँडवरून पुण्याच्या एसटीत बसलेल्यांचं बघा. निम्मे आष्टा, इस्लामपूरला उतरतात. कराड गेलं तरी जो खिडकीला डोकं टेकून झोपलाय, तो बहुधा पुण्याचाच. प्रवासात त्याचं काही बदललं नाही, तिकीटच त्याचं पुण्याचं होतं. फ्रँक प्रोशन यांनी 1963 मध्ये बोईंग 720 विमानांच्या वातानुकूलन यंत्रांबद्दल हेच दाखवलं. प्रत्येक विमानाचा बिघाडाचा दर स्थिर, पण विमानाविमानांत वेगळा. सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की दर काळानुसार कमी होताना दिसतो. आमच्या लॅबमध्ये दोन-तीन प्रकारची ‘तिकिटं’ मिसळलेली होती, हे त्या कुबडांनी सांगितलं.

पहिलं कुबड दोन तासांपाशी. ते प्रॅक्टिकल. बॅच आली, मशीन सुरू झाली, बॅच गेली, शिस्तीच्या मुलांनी बंद केली. दुसरं कुबड संध्याकाळचं, आणि ते कुठल्याही वितरणात बसत नव्हतं, कारण ते होते लॅबचे मामा.

साडेपाचनंतर मामा हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन येतात. खिडक्या लावतात, फळा पुसलेला नसेल तर पुसतात, पंखे बंद करतात आणि दाराजवळच्या बोर्डवरचे एमसीबी अंगठ्याने एका ओळीत खाली पाडतात. टक, टक, टक. अख्खी लॅब गेली. मशीन शटडाउन केलंय का, त्यावर काही चाललंय का, हा प्रश्न त्यांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, “रात्रीचं कोण बसतंय हितं, सर? उगं चालू ठिवलं आणि कायतरी जळलं, तर माझ्यावरच यायचं की.” बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्याकडे कागद असता तर गोष्ट वेगळी.

या विषयावरच्या लिखाणात मशीनची उपलब्धता म्हणजे जणू मशीनचा गुणधर्म, असं मांडलेलं असतं. आमच्या नोंदींत तो गुणधर्म माणसांचा होता. टाइमटेबल कुणी लावलं, किल्ली कुणाकडे आहे, परीक्षा कधी आहेत, पंख्याचा आवाज वाढला की मागच्या बाकावरचा मुलगा पॉवरचं बटण दाबून धरतो का. पाचला सुरू झालेलं मशीन साडेपाचला जाणार हे ठरलेलंच आहे. त्याला संभाव्यतेचं रूप देऊन वितरणात घुसवणं म्हणजे माहीत असलेली गोष्ट विसरून जाणं. म्हणून टाइमटेबल आणि मामांची वेळ आम्ही ठाम आकडे म्हणून बाहेर काढली आणि उरलेल्या अवचित बंद होण्याला वायबुल लावलं. मग रेषेची कुबडं गेली आणि शेप पॅरामीटरही एकाच्या पुष्कळ जवळ आला. आधीचा जो ‘म्हातारं मशीन भरवशाचं’ परिणाम होता, त्यातला मोठा हिस्सा निव्वळ भेसळीचा होता.

कागदाचं म्हणाल तर फार पूर्वीपासून चालत आलेली रीत आहे, अर्ज वरून गेला की गोष्टी हलतात. विभागप्रमुखांच्या सहीने एका लॅबपुरती रात्रीची परवानगी मिळाली. त्या लॅबच्या एमसीबीवर मामांनी स्वतःच्या अक्षरात ‘पाडू नये’ असं लिहून पट्टी चिकटवली.

आता लाइटची गोष्ट, कारण इथे आमच्याकडचं वास्तव परदेशी लिखाणापासून सगळ्यात लांब जातं. एका मशीनवर रन मरण्याची शक्यता निम्मी असेल, तर तोच रन दोन मशीनवर टाकला की दोन्ही मरण्याची शक्यता पाव, तिन्हीकडे टाकला तर एक अष्टमांश. हा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा मशीन एकमेकांना न विचारता मरतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारच्या सुमारास मिरजेच्या बाजूने आभाळ काळं होतं, धुळीचा लोट येतो, वळीव कोसळतो, आणि कुठेतरी फांदी तारेवर पडते. मग सगळी मशीन एकदमच जातात. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या असल्या तर शेवटची काही मिनिटं नुसतं पीप-पीप ऐकायचं. अशा वेळी शेजारशेजारच्या दोन मशीनवर ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. नोंदींत ते स्पष्ट दिसतं. एकाच मिनिटाला पूर्ण लॅब बंद झाल्याच्या घटना वेगळ्या काढल्या, तर वाऱ्या-पावसाच्या दिवसांत मशीन स्वतंत्रपणे बंद होण्यापेक्षा त्याच जास्त जॉब खात होत्या.

म्हणून मॉडेलचे दोन थर केले. वरचा थर लॅबचा, म्हणजे लाइट, स्विच आणि कुलूप. खालचा एकेका मशीनचा. दुसरी प्रत ठेवायचीच असेल तर ती दुसऱ्या इमारतीत ठेवायची, जिथला पुरवठा वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरून येतो. इमारतींचा पुरवठा कुठून येतो हे कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं, कॉलेजच्या वायरमनने तोंडी सांगितलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं.

राहिला रन मध्येच जतन करून ठेवण्याचा प्रश्न, ज्याला चेकपॉइंट म्हणतात. पुराच्या मॉडेलला रीस्टार्ट फाइलची सोय होती. ती लिहून आमच्या जुन्या नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवायला दोनेक मिनिटं लागत. किती वेळाने जतन करावं यासाठी जॉन यंग यांचं 1974 चं सूत्र आजही चालतं. जतन करायला लागणारा वेळ गुणिले एका बिघाडापासून पुढच्या बिघाडापर्यंतचा सरासरी काळ, त्याची दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ. दोन मिनिटं आणि चार तास घातले की 31 मिनिटं येतात. छान, सुटसुटीत. पण त्याच्या पोटात तेच विसराळू घातांकी वितरण आहे. वरच्याच 0.5 शेपच्या उदाहरणात त्या त्या क्षणीचा धोका घेऊन हिशेब केला, तर सुरू होऊन दहा मिनिटं झालेल्या मशीनवर 17 मिनिटांनी जतन करायला हवं आणि आठ तास चाललेल्यावर 44 मिनिटांनी केलं तरी भागतं. आमचा शुद्ध केलेला शेप एकाच्या जवळ आल्यामुळे हा फरक दिवसा फारसा उरला नाही, आणि मी 25-30 मिनिटांवर गाडी थांबवली. रात्रीच्या लॅबला मात्र तासभर चालतं. त्याहून मोठा फायदा जॉब पाठवण्याच्या नियमाने झाला. पुढचं प्रॅक्टिकल सुरू व्हायला किती वेळ आहे हा आकडा प्रत्येक मशीनच्या जाहिरातीत घातला (कॉन्डोरमध्ये मशीन आपली जाहिरात करतं आणि जॉब आपली अट सांगतो, मग वधू-वर मंडळासारखी जुळणी होते), आणि तासाभराचा रन किमान सव्वा तास शिल्लक असलेल्या मशीनकडेच जायला लागला.

मॅडमच्या रनची रांग पावसाळ्याआधी संपली. मॉडेल मात्र दर सेमिस्टरला पुन्हा बसवावं लागतं. टाइमटेबल बदललं की मागचे आकडे शिळे, आणि ऑनलाइन परीक्षांच्या दिवसांत तर लॅबमध्ये दिवसभर एकही मशीन मोकळं मिळत नाही.

मध्यंतरी लायब्ररीतली पुस्तकं शोधायची मशीनही यात जोडली. ती लायब्ररी उघडी असेपर्यंत चालूच असतात. कुणीतरी येतं, पुस्तकाचं नाव टाकतं, रॅकचा नंबर बघतं आणि जातं. तिथे दोन वापरांमधला मोकळा काळ मांडला, तर रेषा कुबडाशिवाय सरळ आणि शेप जवळपास एक. लोक येताना कुणी कुणाला विचारून येत नाही, त्यामुळे एवढा वेळ ज्याला नावं ठेवली ते साधं घातांकी वितरण तिथे चपखल बसलं. त्या मशीनना यंग यांचं सूत्र जसंच्या तसं लावलं आहे. मोकळा काळ इतका तोकडा आहे की तिथे मॅडमचे रन जात नाहीत, चार-पाच मिनिटांत उरकणारे विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचे जॉब जातात.